माझ्या नावावरची गाडी

शर्यतीची गाडी माझ्या नावावर कशी आली ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. नवरा अमेरिकेत ट्रॉय गावाजवळच्या एका लहान कारखान्यात लेथवर कामाला होता. त्याच्या शेजारच्या मशीनवर काम करणारा एक अमेरिकन आमच्या घराच्याही शेजारी राहायचा. दोघांनी मिळून मातीच्या ट्रॅकवर गाडी उतरवायचं ठरवलं. चालवणार शेजारी, इंजिन बनवणार माझा नवरा. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा शेजारी म्हणाला, माझ्या नावावर काही नको, बायकोचा वकील त्यातलंही अर्धं मागेल. त्याचा घटस्फोट चालला होता. नवऱ्याची त्या आठवड्यात दुपारची पाळी. म्हणून शेजाऱ्याने मला ट्रकमध्ये बसवून मैदानावर नेलं आणि मी सही केली. इंग्रजीत मला तेव्हा एवढंच नीट लिहिता येत होतं, माझं नाव. शाळा चौथीपर्यंत झालेली. मालकीण म्हणून मला एक कार्ड मिळालं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. ते मी शिलाई मशीनच्या खणात टाकलं आणि विसरले.

नवऱ्याला मी जन्मभर ‘अहो’ म्हटलं. इथे ‘तो’ लिहिते आहे. ऐकायला तो आता नाही, आणि असता तरी त्याने काही म्हटलं नसतं. बोलणं हा त्याचा प्रांत नव्हता.

तो मूळचा कोल्हापूरचा. शेतीच्या पंपाची ऑइल इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात सोळाव्या वर्षी लागला. माझे दीर डॉक्टर, ते आधी अमेरिकेत आले आणि त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. इथे आल्यावर दिरांच्या ओळखीची माणसं नवऱ्याला विचारायची, तुम्ही कुठल्या कंपनीत इंजिनिअर? तो सांगायचा, मी लेथवर आहे. मग ती माणसं हवापाण्याकडे वळायची.

ट्रॅक गावाबाहेर तासाभराच्या अंतरावर होता. ऑगस्टमध्ये तिथे गाईगुरांची जत्रा भरायची, बाकीच्या रविवारी दुपारी शर्यती. गाड्या जुन्या, रस्त्यावरच्याच. काचा काढून टाकायच्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडायचा, दारं वेल्डिंग करून बंद करायची. ड्रायव्हर खिडकीतून आत शिरायचा. शर्यतीआधी टँकरने मातीवर पाणी मारत, त्यामुळे पहिल्या दहा फेऱ्या चिखल आणि पुढच्या दहा धूळ. एका दुपारी दोन-तीन शर्यती असत. मधल्या वेळात गाडीला लागलेला चिखल खरवडून काढावा लागे, नाहीतर नुसत्या मातीचंच वजन दोन माणसांएवढं व्हायचं. ते काम माझं. त्यासाठी मी माझं कोल्हापूरचं लोखंडी उलथणं नेत असे. तिथल्या बायका पत्र्याच्या पट्ट्या वापरायच्या, त्या वाकायच्या. माझं उलथणं पाहून दोघी-तिघींनी विचारलं, असं कुठे मिळतं. मी सांगितलं, मिळत नाही.

मला हे सगळं आवडत होतं असं कोणी समजू नये. आवाजाने डोकं फुटायचं. केसांत माती, डब्यात माती, दातांखाली माती. पण रविवारी दुसरं काय होतं? मराठी मंडळाच्या बायकांत बसून कोणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली ते ऐकायचं. त्यापेक्षा चिखल बरा. चिखल निदान निघतो.

आणि एक गोष्ट खरी. मैदानावर नवऱ्याला मान होता. भंगारातून उचललेलं सहा सिलिंडरचं इंजिन तो हिवाळाभर गॅरेजमध्ये घेऊन बसायचा. इंजिनाच्या वरचा भाग असतो, त्याला हेड म्हणतात. त्यात वाटा असतात, एकीतून हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. कारखान्यातून त्या खडबडीत येतात. हा माणूस त्या वाटा कानशीने आणि पॉलिश पेपरने आतून घासायचा. रोज संध्याकाळी तासभर, चार महिने. शेवटचा हात मारताना कानस तिरकी धरायचा, डावीकडून उजवीकडे आणि मग उलट, त्यामुळे आत बारीक फुल्याफुल्यांची जाळी दिसायची. ती जाळी कशाला म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, पेट्रोल भिंतीला चिकटून बसत नाही. खर्च काय, कानस आणि पेपर. शेजारी बाजूला स्टुलावर बसून बघायचा, मग हळूहळू स्वतःही हात चालवायला शिकला. जेवायच्या वेळी दोघांना मी आत बोलवायची. शेजारी भाकरी चमच्याने खायचा प्रयत्न करायचा, ते मी दुसऱ्या वर्षी बंद पाडलं.

पहिली तीन वर्षं आमची गाडी तिसरी-चौथी यायची, एकदा पहिली आली. ज्यांची इंजिनं दुकानातून बनवून आणलेली, ते नवऱ्याजवळ येऊन उभे राहायचे. तो मान डोलवायचा. एवढंच त्याचं अमेरिकेतलं वैभव. त्याच्या हाताने घासलेलं इंजिन त्या मातीवर पळत होतं. ते पळत राहतं की नाही, पुढचं सगळं त्यावरच आहे.

इंजिनिअर आमच्याकडे आला तो गणपतीत. मंडळाचा गणपती ट्रॉयमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. हा पुण्याचा, मोटारीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पस्तिशीचा. गाड्यांचा शौकीन. कुणाकडून तरी कळलं म्हणून नवऱ्याजवळ आला आणि म्हणाला, काका, मला एकदा घेऊन चला ना. पुढच्या रविवारी तो आला, पांढरे बूट घालून. बुटांचं काय झालं ते सांगायला नको. पण दुपारभर लहान मुलासारखा कुंपणाला चिकटून उभा होता. ट्रॅकच्या मालकाला कळलं की हा मोटार कंपनीतला इंजिनिअर आहे, तेव्हा तो याला आपल्या पत्र्याच्या ऑफिसात घेऊन गेला आणि कॉफी पाजली. तीन वर्षांत त्या मालकाने माझ्या नवऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मग एका शनिवारी इंजिनिअर आमच्याकडे जेवायला आला. पिठलं-भाकरी त्याने मागून घेतली. जेवता जेवता म्हणाला, “काका, खरं सांगू? कंपनीत आम्ही कॉम्प्युटरवर जे काढतो ते तुम्ही हाताने करता. मला शिकवा.”

झालं. बारा वर्षांत अमेरिकेत कोणी शिकलेल्या माणसाने त्याला असं विचारलं नव्हतं. हा माणूस बोलायला लागला. कुठली वाट किती रुंद करायची, कुठे हात लावायचा नाही, व्हॉल्वच्या बुडाशी किती घासायचं, सगळं. उठून गॅरेजमधून हेड आणलं आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. इंजिनिअरने खिशातून लहान वही काढून लिहून घेतलं. मी वाढता वाढता डावाने पातेल्याच्या कडेवर दोनदा वाजवलं. आमच्या घरात त्याचा अर्थ गप्प बसा असा होता. त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं.

इंजिनिअर गेल्यावर मी म्हटलं, “अहो, पोटातलं सगळं काढून दिलंत.”

“विद्या आहे,” तो म्हणाला, “लपवून काय करायची.”

मार्चमध्ये पोस्टाने नियमांचा नवा कागद आला. आधी नियम म्हणजे एक पान असायचं, हाताने लिहून कॉपी काढलेलं. या वेळी सहा पानं, टाइप केलेली, मुद्द्यांना आकडे घातलेले. मुलगी तेव्हा हायस्कूलमध्ये. तिला मी टेबलाशी बसवलं आणि वाचायला लावलं. ती इंग्रजीत वाचायची आणि अर्धवट मराठीत सांगायची.

पहिला नियम टायरचा. टायर एकाच ठरावीक जातीचे हवेत, त्यावर ट्रॅकचा शिक्का हवा, आणि ते ट्रॅकवरच विकत मिळतील. आतापर्यंत आम्ही भंगारातले जुने टायर लावायचो. दुसरा, ड्रायव्हरला आग न लागणारे कपडे. तो ठीक होता, मी त्यावर काही म्हणणार नाही. मग मुलगी थांबली.

“आई, धिस इज अबाउट बाबा,” ती म्हणाली.

तिने वाचलं. हेड कारखान्यातून आलं तसंच असलं पाहिजे. कानस, दगड, पॉलिश पेपर, कशानेही आतून हात लावलेला चालणार नाही. व्हॉल्वच्या बुडाशी घासलेलं चालणार नाही. वाटांची रुंदी अमुक, त्याहून केसभर जास्त नको. ओळीमागून ओळ, माझ्या टेबलावर नवऱ्याने जे जे सांगितलं ते ते, त्याच क्रमाने, फक्त प्रत्येकापुढे ‘नाही’ जोडलेलं. हेड भंगारातलं, पुन्हा कसं न घासलेलं करणार? म्हणजे नवीन विकत आणायचं.

शेवटचा नियम वेगळाच होता. तो मुलीने दोनदा वाचला तेव्हा मला समजला. शर्यत संपल्यावर पाव तासाच्या आत, त्याच शर्यतीतल्या कुठल्याही गाडीच्या मालकाने पहिल्या तीनपैकी कोणाचंही इंजिन मागितलं तर ते द्यावंच लागेल. पाचशे डॉलर रोख मोजायचे, इंजिन घेऊन जायचं. नाही म्हटलं तर त्या दिवसाचं बक्षीस गेलं आणि मोसमभराचे गुण गेले. यामागचा विचार असा की, पाचशेला कोणीही उचलून नेऊ शकतो म्हटल्यावर कोणी इंजिनावर दोन हजार घालणार नाही. खर्च आटोक्यात राहील. नियम दुसरीकडच्या ट्रॅकवर जुना होता म्हणे. आमच्याकडे नवीन.

एप्रिलमध्ये ट्रॅकच्या मालकाने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. पुढे टेबल, टेबलामागे मालक, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत आमचा इंजिनिअर. त्यानेच नियम लिहून दिले होते, फुकट, हौसेने. मालकाने त्याची ओळख करून दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा मागे भिंतीला टेकून उभा होता. त्यानेही वाजवल्या.

सभा संपल्यावर मी इंजिनिअरला गाठलं.

“पिठलं पचलं का?”

तो ओशाळला. “काकू, तुम्ही गैरसमज करून घेताय. काका हे फुकट करतात. पण बाकीचे त्यांच्याशी बरोबरी करायला दुकानात हजार-हजार डॉलर देऊन हेड घासून आणतात. खर्च वाढतो तो असा. म्हणून ते बंद केलं. सगळ्यांना सारखी संधी.”

“ज्याला येतं त्याने करायचं नाही, म्हणजे ज्याला येत नाही तो सुखी. असंच ना?”

“हाताचं काम मोजता येत नाही, काकू. विकत घेतलेला पार्ट मोजता येतो.”

“आणि टायर?”

“टायरचं मालकांनी घातलं,” तो म्हणाला आणि बुटांकडे बघू लागला. या वेळी काळे होते.

त्याचा हिशोब चुकीचा होता असं मी म्हणत नाही. बरोबर होता. पण तो बसला माझ्या नवऱ्याच्या मानेवर.

ती वर्षं वाईट होती. कारखाने माणसं कमी करत होते. आमच्या कारखान्यातून मेमध्ये शेजाऱ्याला काढलं, माझ्या नवऱ्याला आठवड्याचे तीन दिवस ठेवलं. तरी नवऱ्याने नवीन हेड आणलं. ज्या दिवशी ते बसवलं त्या दिवशी त्याला काही काम नव्हतं. पेटीतून काढलं, बोल्ट आवळले, संपलं. अर्ध्या तासात मोकळा. मग रात्रीच्या जेवणापर्यंत गॅरेजमध्ये नुसता बसून होता. घासलेलं जुनं हेड त्याने तेल लावून कापडात गुंडाळून फळीवर ठेवलं.

गाडी आता नववी-दहावी यायला लागली. शेजारी जीव तोडून चालवायचा, निदान मला तसं वाटायचं. पहिला कोण यायचा? निळी गाडी. ती मालकाच्या पुतण्याची. दर रविवारी पहिली, आणि दुसऱ्या नंबराच्या अर्धी फेरी पुढे. शर्यतीनंतर तपासनीस पहिल्या गाड्या तपासायचा. इतरांची हेडं उघडायचा, बॅटरी घेऊन आत डोकावायचा, बोट फिरवायचा. निळ्या गाडीचं बॉनेट वर करायचा, खाली करायचा. सगळ्यांना दिसत होतं. जुलैपर्यंत निम्म्या गाड्या यायच्या बंद झाल्या. कोणाला टायर परवडेना, कोणाला तपासणीत हाकललं. जे उरले ते पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेत, कुजबुजायचे. मी म्हटलं, मग मागा की त्याचं इंजिन, नियम आहे ना. तर एक जण म्हणाला, मॅम, तपासनीस मालकाचा आहे. पुढच्या रविवारी माझ्या गाडीत काय सापडेल कोण जाणे. एवढे दांडगे पुरुष, आगीत शिरणारे, आणि एका कागदाला भ्यायचे.

मी शिवणकाम करायची. ट्रॉयमधल्या बायकांचे ब्लाउज, साडीचे फॉल. त्या मला त्याचे पैसे देताना पर्स उघडून असा चेहरा करायच्या की जणू दान करतायत. ते पैसे मशीनच्या खणात असायचे, मालकिणीच्या कार्डाजवळ. सप्टेंबरमध्ये एका रविवारी सकाळी मी दोन्ही पिशवीत घातले. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने थांबवलं नसतं, पण तोंड असं केलं असतं की माझी मीच थांबले असते.

निळी गाडी पहिली आली. आमची अकरावी. मी हातातलं उलथणं बादलीत टाकलं, हात पुसले आणि चालत तपासनिसाकडे गेले. कार्ड पुढे ठेवलं, नोटा पुढे ठेवल्या. म्हटलं, पहिल्या गाडीचं इंजिन पाहिजे. माझं इंग्रजी मोडकं, पण एवढं वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं.

तो हसला. म्हणाला, तुमच्या मिस्टरांना पाठवा.

“कार्डावर त्यांचं नाव नाही,” मी म्हटलं. “माझं आहे. मोजा.”

मालक आला. पुतण्या आला, तोंड लाल. मालक गोड बोलायला लागला. नियमाचा उद्देश वेगळा आहे, तुमच्या गाडीचा नंबर अकरावा, तुम्हाला एवढ्या इंजिनाचा काय उपयोग, वगैरे. भोवती माणसं जमली. त्यांतलं कोणी काही बोलत नव्हतं, पण जागचं हलतही नव्हतं. तेवढ्यात मालकाने इंजिनिअरला पाहिलं. तो त्या दिवशी आला होता, नेहमीप्रमाणे कुंपणाजवळ. मालकाने त्याला हाक मारली आणि म्हणाला, तुम्ही लिहिलंत ना, सांगा यांना, याचा अर्थ असा होत नाही.

मला वाटलं, संपलं. हा त्यांच्या खुर्चीत बसणारा माणूस.

इंजिनिअरने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. मग मालकाला इंग्रजीत म्हणाला, “अर्थ हाच होतो. गाडीचा मालक, पाव तास, रोख. अजून सहा मिनिटं आहेत.”

हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते. त्याच्या बाजूचं माझ्याकडे एवढंच होतं तेव्हा.

त्यांनी इंजिन काढून दिलं. साखळीने उचललं आणि आमच्या ट्रकमध्ये असं सोडलं की ट्रक खाली बसला. नवरा ते सगळं बाजूला उभा राहून बघत होता. शेजारी कुठे दिसेना. तो गाडीचे टायर मोजत पिटच्या दुसऱ्या टोकाला होता. चार टायर मोजायला किती वेळ लागतो? मला त्या वेळी तो प्रश्न पडला नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने हेड उघडलं. मी जवळच उभी. मला माहीत होतं आत काय निघणार. निघालंही. वाटा आतून घासलेल्या, आरशासारख्या. मी म्हटलं, चला, आत्ता त्या इंजिनिअरला बोलवा. त्याच्या डोळ्यांना दाखवा. पुतण्या बाहेर, तपासनीस बाहेर, आणि तो नियम कसला राहतोय. तुमचं हेड फळीवरून खाली येईल.

नवऱ्याने बॅटरी आत धरली आणि मला म्हणाला, बघ. मी वाकून पाहिलं. आत बारीक फुल्याफुल्यांची जाळी होती.

पहिल्यांदा मला वाटलं, इंजिनिअर. त्याने वहीत लिहून घेतलं होतं ना. तो तिथे नव्हता, तरी मी तोंडाला येईल ते बोलले त्याला. नवरा म्हणाला, त्याला जाळीचं नव्हतं सांगितलं. राहून गेलं होतं. आणि मग म्हणाला, कानस डाव्या हाताने धरलीय.

शेजारी डावरा होता.

काम गेल्यापासून, मेपासून, हा माणूस मालकाच्या पुतण्यासाठी हेड घासत होता. आमच्या गॅरेजमध्ये शिकलेल्या हाताने. आणि दर रविवारी आमची गाडी घेऊन त्याच इंजिनामागून नववा-दहावा येत होता.

मी म्हटलं, “दाखवा मग. त्याचंही होऊ दे.”

“त्याचं नाव निघालं तर या भागात कुठल्याच कारखान्यात त्याला कोणी उभं करणार नाही.”

“मग?”

“मग काही नाही,” तो म्हणाला. हेड परत बसवलं, बोल्ट आवळले, वरून जुनी चादर टाकली. ते इंजिन त्याने कधी गाडीत घातलं नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, माझं काम नाही ते.

रविवारी सकाळी शेजारी नेहमीसारखा आला, कॉफीचा थर्मास घेऊन. गॅरेजमध्ये चादर पाहिली. चादरीखाली काय आहे ते त्याला ठाऊकच होतं. नवरा गाडीखाली होता, तसाच राहिला. मी दारात उभी होते. मी त्याला विचारलं, चार वर्षं तू आमच्यात जेवलास ना?

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मॅम, त्यांनी पैसे दिले. तुम्ही जेवण देता.”

मला त्याच्या या बोलण्याचा राग अजून आहे. खरं होतं म्हणून जास्त. त्याच्या मुलांचा खर्च कोर्टाने लावून दिला होता, तो काही भाकरीने भागत नव्हता. पण खरं बोललं म्हणून माणूस सुटत नाही. त्या दिवशी डबा मी एकट्या नवऱ्याचाच भरला.

त्या मोसमाचे उरलेले तीन रविवार ते दोघं गेले. एकमेकांशी नट-बोल्टापुरतं बोलायचे. मी गेले नाही. चिखल कोणी काढला, विचारलं नाही.

मार्चमध्ये पुन्हा कागद आला. मुलीने वाचला. इंजिन मागायचा हक्क आता गाडीच्या मालकाला नाही, फक्त स्वतः गाडी चालवणाऱ्याला, आणि तोही पहिल्या पाचात आलेला असला तर. टायर पुन्हा बदलले, आधीपेक्षा रुंद. गेल्या वर्षीचे चालणार नाहीत. हेडचा नियम होता तसाच. खाली इंजिनिअरचं नाव या वेळी नव्हतं. त्याला त्यांनी विचारलंच नसेल, किंवा त्याने नाही म्हटलं असेल.

शेजारी आला आणि नवऱ्याला म्हणाला, गाडी मला द्या, मी कसंतरी चालवतो. पैसेही देतो म्हणाला, हप्त्याने. आणि माझा नवरा मान डोलवायला लागला. देणार होता. त्या माणसाला, ज्याने त्याचा हात विकला, त्याला हा गाडी देणार होता, वर स्वतः तिचं इंजिन बघायला गेला असता.

पण गाडी त्याची नव्हती.

मी भंगारवाल्याला फोन केला. मुलीकडून नाही, स्वतः केला. तो आला तेव्हा नवरा कारखान्यात होता. कागदावर सही मागितली, मी केली. शेजारी आपल्या अंगणात उभा राहून बघत होता. साखळी लावून गाडी वर ओढली, तेव्हा खालून गेल्या मोसमाचा वाळलेला चिखल ढेकळांसारखा सुटून माझ्या अंगणात पडला. कोणीच नीट काढला नव्हता.

नवरा संध्याकाळी आला, रिकामी जागा पाहिली. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. आधी तरी किती बोलायचा. पाचव्या दिवशी मीठ मागितलं, मी दिलं.

निळ्या गाडीचं इंजिन पुढे घर विकेपर्यंत गॅरेजमध्ये चादरीखाली होतं. फळीवरचं हेड तो अधूनमधून काढून तेल लावून परत गुंडाळून ठेवायचा. ट्रॅकवर आम्ही पुन्हा गेलो नाही. काही वर्षांनी तिथे दुकानं झाली असं कोणी सांगितलं. बरं झालं.

इंजिनिअर मंडळात दिसतो. आता त्याचेही केस गेले. अजून काकू म्हणतो. गॅरेजमध्ये त्या दिवशी मी त्याला जे जे बोलले ते त्याला माहीत नाही. त्याची माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही. टायरचा नियम त्याने थांबवायला हवा होता.